शिकलेलं विरजण

दह्याच्या भांड्यात कडेला चमचाभर खड्डा पडलेला दिसला आणि केतकीच्या लक्षात आलं, मावशी येऊन गेली.

एरवी तिने त्याकडे पाहिलंही नसतं. कुंदामावशी पलीकडच्याच गल्लीत राहायची. घराची एक किल्ली कायम तिच्याकडे असायची, आणि तिचं दही फार आंबलं की ती इथून विरजण घेऊन जायची. विरजणासाठी कोणी विचारत नाही, नेणाऱ्याला कोणी नाही म्हणत नाही आणि कोणी आभारही मानत नाही. कराडात अजून तरी तसंच होतं. दूध आता चाकांवरच्या पेटीतून घरपोच यायचं आणि त्या पेटीसोबत माणूस नसायचा. विरजण मात्र अजून वाटीतून, हातातूनच यायचं.

शिवाय हे विरजण आईचं होतं. लग्न होऊन गडहिंग्लजहून येताना आईने ते एका छोट्या डब्यात आणलं आणि त्यानंतर एकदाही मोडू दिलं नाही. आई गेली तेव्हा घरात कोणाला दुधादह्याची शुद्ध नव्हती. तेव्हा मावशी ते भांडं उचलून आपल्या घरी घेऊन गेली, दिवसकार्य होईपर्यंत रोज लावत राहिली, आणि मग एका सकाळी काही न बोलता तिने ते ओट्यावर आणून ठेवलं. त्याला आता दोन वर्षं होऊन गेली होती. केतकी पुण्यातलं बिऱ्हाड मोडून इथेच राहायला आली होती आणि आईच्या भांड्यात आईचंच दही लावत होती.

पण आजचं दही शाळेत जाऊन आलेलं होतं.

शाळा हा शब्द नसीमाचा. नसीमा मुल्ला केतकीच्या वर्गातली. आता ती पोटाच्या विकारांची डॉक्टर होती आणि एका नव्या चाचणीचं इथलं काम पाहत होती. मोठ्या आतड्याचा कर्करोग ज्या घरात होऊन गेला, त्या घरातल्या रक्ताच्या माणसांसाठी ती चाचणी होती.

"येताना घरचं दही आण वाटीभर," नसीमा फोनवर म्हणाली होती.

"कशाला?"

"त्याला शाळेत घालायचंय."

केतकीला वाटलं, ही थट्टा करतेय. पण वाटी खरंच प्रयोगशाळेत गेली आणि काही आठवड्यांनी परत आली. मग नसीमाने तिला समोर बसवून सगळं सांगितलं.

"आतड्याचं आतलं अस्तर दर चार-पाच दिवसांनी नवं होतं. जुन्या पेशी गळून पडतात, नव्या येतात. जन्मभर आपल्या आत एक भिंत सारखी लिंपली जात असते. या लिंपण्यात कधी तरी एखादी पेशी थांबायचं विसरते. तिथे कोंब फुटतो. बरेचसे कोंब तसेच बसून राहतात, काहींचा पुढे कर्करोग होतो. पण त्याला आठ-दहा वर्षं लागतात. दहा वर्षं, केतकी! इतका वेळ दुसरा कुठला शत्रू देतो? तेवढ्यात कोंब दिसला तर दुर्बिणीतूनच काढून टाकायचा. पुढचं काही घडतच नाही."

"आणि दही?"

"त्या कोंबाच्याही पेशी गळतात. त्यांच्या डीएनएचे तुकडे आतड्यात पडलेले असतात. दह्यातले काही जंतू असे तुकडे गिळतात, तो त्यांचा जन्मजात स्वभाव. आम्ही त्यांना फक्त वाचायला शिकवलंय. ठरावीक जागी चुकलेलं अक्षर भेटलं की तो जंतू निळा रंग तयार करायला लागतो. रंग रक्तात जातो, रक्तातून लघवीत. लघवी निळी आली तर माझ्याकडे यायचं. नाही आली तरी काही वर्षांनी पुन्हा दही खायचं."

"मग बाजारातलं दही का नाही शिकवलंत?"

"परक्या जंतूला आतडं टिकू देत नाही. लहानपणापासून जे दही खाल्लंस त्याला ते ओळखतं."

केतकी मुद्रितं तपासायची. आता पहिलं वाचन यंत्रच करत असे, पण शेवटचं वाचन प्रकाशक अजून तिच्याकडे पाठवत. एका वेलांटीने 'दिन'चा 'दीन' होतो आणि पानभर मजकूर डोळ्यांसमोरून गेला तरी ती वेलांटी निसटते, हे तिला पक्कं ठाऊक होतं. आणि इथे डोळे नसलेला, मेंदू नसलेला, तिच्या आईच्या भांड्यातला एक जीव त्या अंधारात बसून कोट्यवधी अक्षरांमधलं एक चुकलेलं अक्षर शोधणार होता. घरी येताना तिने ती वाटी दोन्ही हातांत धरली होती.

नसीमाने दोन गोष्टी बजावल्या होत्या. दुधात रोज चिमूटभर खास साखर टाकायची, कारण ती मिळाली नाही तर शिकलेले जंतू दोन-तीन विरजणांत मरून जातात आणि मागे साधं दही उरतं. आणि दुसऱ्या कोणाला हे दही द्यायचं नाही. "अपाय काही नाही. पण कोणाला न विचारता त्याच्या पोटातली गोष्ट आपण बाहेर काढायची नाही."

आता भांड्यात खड्डा होता.

केतकी भांडं हातात घेऊन ओट्यापाशी उभी राहिली. नसीमाने खरं तर आधी मावशीलाच बोलावलं होतं. सख्ख्या बहिणीला झालेलं, वय साठीला आलेलं, सकाळ-संध्याकाळ मिश्री, बैठं काम, वाढलेली साखर. एकेक गोष्ट त्या दुखण्याकडे बोट दाखवणारी. मावशी जागची हलली नव्हती.

"मला काय धाड भरलीय? आपल्या घरात अंडंसुद्धा शिजत नाही. ते दुखणं मटण खाणाऱ्यांना होतं."

"आई कुठे मटण खात होती?" केतकी म्हणाली.

मावशीने ते ऐकलंच नाही. "थोडंसं रक्त पडतं कधीमधी. ती मूळव्याध. आमच्या आईला होती, ताईला हो..."

तिथे ती थांबली आणि भाजी परतायला उठली.

ताईला होती. म्हणजे सगळे तसं म्हणत होते. दीड-दोन वर्षं आईला मावशी सुरणाची भाजी करून घालत होती, ताक पाजत होती, टबात कोमट पाणी भरून बसवत होती, आणि हे सगळं मायेने. मूळव्याध या शब्दाची गंमतच अशी की त्यात मूळ येऊन जातं, म्हणून मुळाशी काय आहे हे मग कोणी विचारत नाही. कळलं तेव्हा गाठ यकृतापर्यंत पोचली होती. तेव्हाही तो शब्द कोणी सोडला नाही. आईला सांगितलं, मूळव्याधीचं ऑपरेशन आहे. एकदा खाटेभोवती डॉक्टरांचा घोळका पाहून आई हसून म्हणाली होती, "एवढ्याशा मूळव्याधीला एवढे डॉक्टर?" त्यावर सगळे खिडकीबाहेर बघायला लागले होते.

मावशीने चाचणी करून घ्यायची म्हणजे तो शब्द चुकला होता हे कबूल करायचं. केतकीला ते कळत होतं. म्हणून तिने फार ओढाताण केली नव्हती.

आणि आता मावशी स्वतःच्या हाताने ते दही घेऊन गेली होती. केतकीने काहीही करायची गरज नव्हती. फक्त गप्प राहायचं होतं. चार दिवस मावशी दहीभात खाईल, आणि मग जे असेल ते दिसेल.

एक दिवस ती गप्प राहिली. दुसऱ्या दिवशी मुद्रितं वाचताना एकाच ओळीवरून तिची नजर पुनःपुन्हा फिरत राहिली. आईभोवती सगळे असेच गप्प राहिले होते, तिच्या भल्यासाठी. केतकीने लॅपटॉप मिटला, चपला घातल्या आणि ती मावशीकडे गेली.

मावशी शिलाईयंत्रावर बसली होती. तोंडात मिश्री. "ये गं," असं काहीसं पुटपुटत मोरीकडे जाऊन ती चूळ भरून आली.

"मावशी, तू परवा विरजण नेलंस."

"मग? दही काय सोन्याचं आहे? आणि तू साखर कशाला टाकतेस गं दुधात? कढी गोडसर लागली."

"खाल्लंस?"

"काल कढी केली. आज भातावर घेणारे. झालं काय? तुझं तोंड का असं?"

केतकीने सांगितलं. शाळा, अक्षरं, निळा रंग, सगळं. मावशी आधी ऐकत होती, मग तिच्या कपाळाची शीर ताठ झाली.

"म्हणजे माझ्या पोटात हेर सोडलेस तू?"

"मी नाही सोडले. तूच घेऊन आलीस."

"मग घेताना बोलायचंस!"

"मी घरात नव्हते. आणि कढीत ते मेले असणार, उकळलं की टिकत नाहीत. पोटात अजून काही गेलेलं नाही. म्हणून सांगायला आले. टाकून दे. मी तुला साधं आणून देते."

मावशी उठली. फ्रिजमधून तिने स्टीलचं भांडं काढलं, झाकण उघडून आत पाहिलं. दही घट्ट लागलं होतं, वर निवळीचं पाणी चमकत होतं.

"साधं कुठून आणणार?" तिने विचारलं. "हे कोणाचं आहे?"

"आईचंच. तिच्याच विरजणातले जंतू. त्यांनाच शिकवलंय."

"ताईच्या?"

"हो."

मावशीने भांडं शिलाईयंत्रावर टेकवलं. शिलाईयंत्राचा दिवा तसाच जळत होता. मग ती म्हणाली, "लहानपणी शाळेतून आले की ताई वाटीत दही घ्यायची, वर साखर. अर्धं मला. तिच्या वाट्याचंही मीच खायची." तिने भांड्यावर झाकण ठेवलं. "तुझ्या त्या नसीमाला बोलव. टाकून द्यायचं असेल तर तिने माझ्यासमोर टाकून दाखवावं."

नसीमा आली ती वैतागूनच. "नियम एकच होता, केतकी. एकच."

"तिला कशाला बोलतेस, चोरी मी केली," मावशी म्हणाली. "चहा घे. आणि मला सांग, हे मी खाल्लं तर काय, नाही खाल्लं तर काय."

नसीमाने सगळं पुन्हा सांगितलं. या वेळी घाई न करता. रंग आला तर दुर्बिणीने तपासावं लागेल हे सांगितलं. रंग आला म्हणजे कर्करोगच असं नाही, हे सांगितलं. रक्त पडत असल्यामुळे खरं तर दह्याची वाट न बघता लगेच तपासायला हवं, हेही सांगितलं.

"मशीन-बिशीन आत्ता नाही," मावशी म्हणाली. "ताईचं दही खाईन. त्याला नाही कशी म्हणू?"

"मग फोनसमोर बोलून संमती द्यावी लागेल. तुमच्या शब्दांत. तुम्ही काय करताय हे तुम्हाला कळलंय, एवढं दिसलं पाहिजे."

मावशीने पदर सारखा केला. फोन टेबलावर उभा होता आणि ती त्याच्याकडे फोटोला बसल्यासारखी बघत होती.

"मी कुंदा. प्रमिलाची धाकटी बहीण. माझ्या बहिणीच्या विरजणाचं दही मी खातेय. त्यात वाचता येणारे जंतू आहेत. ते माझ्या पोटात जाऊन काय लिहिलंय ते बघतील. चांगलं असेल तर गप्प बसतील. वाईट असेल तर सांगतील." ती जरा थांबली. "आणि त्यांनी सांगितलं तर मी ऐकेन. आधी ऐकलं नव्हतं."

नसीमाने फोन बंद केला. प्रयोगशाळेकडे अशा शेकडो संमती जमल्या होत्या. एवढी नेमकी तिने ऐकली नव्हती, असं तिने नंतर केतकीला सांगितलं.

मावशीने त्याच वेळी, दोघींच्या देखत, वाटीत दही घेतलं, वर साखर घातली आणि शेवटच्या चमच्यापर्यंत खाल्लं.

पुढचे दिवस तिने केतकीला रोज सकाळी फोन करून छळलं. "आज पिवळी. तुझे विद्यार्थी झोपलेत." "आजही पिवळी. नापास झाले वाटतं." केतकीलाही काही रंग आला नव्हता. हळूहळू तीही हसायला लागली होती.

मग एका सकाळी फोन नेहमीपेक्षा लवकर आला.

"मावशी?"

"निळी आहे गं," मावशी म्हणाली. "शाईची दौत सांडल्यासारखी."

केतकी धावत गेली. मावशी पायरीवर बसली होती, हात मांडीवर ठेवून. ती घाबरलेली नव्हती. कुठेतरी लांब बघत होती.

"केतके," ती म्हणाली, "म्हणजे ताईची ती मूळव्याध नव्हती."

"नाही, मावशी."

"तेव्हाही कोणी असं बघितलं असतं तर?"

 केतकी पायरीवर मावशीला टेकून बसली. समोरून दुधाची पेटी घंटा वाजवत गेली.

तपासणीच्या आदल्या दिवशी पोट रिकामं करायचं औषध होतं. "दिवाळीच्या आधी घर काढतात तसं काढलं सगळं," मावशी रुग्णालयात शिरताना म्हणाली, "भांडीसुद्धा घासून झाली." नसीमाने झोपेचं औषध देऊ का असं विचारलं, तेव्हा मात्र तिने थट्टा केली नाही.

"नको. ताईला सगळ्यांनी झोपवूनच ठेवलं. मला बघायचंय."

दुर्बीण आता पूर्वीसारखी लांबलचक नळी राहिली नव्हती. बोटाएवढी मऊ वस्तू, गांडुळासारखी आपली आपण सरकणारी. समोरच्या मोठ्या पडद्यावर प्रकाश पडला.

केतकीने पुस्तकांत अशी चित्रं पाहिली होती. पण हे जिवंत होतं. गुलाबी, ओलसर, तलम भिंती. एका कमानीआड दुसरी कमान, वळणामागे वळण. पातळ अस्तराखाली पिंपळपानावर असते तशी बारीक शिरांची जाळी. भिंत मधूनच आकसायची आणि पुन्हा उलगडायची, झोपलेल्या माणसाच्या श्वासासारखी. हे गेली साठ वर्षं मावशीच्या आत चालू होतं. ती शिवत होती, भांडत होती, दोन घरांची दहीदुधं सांभाळत होती, आणि आत अंधारात ही भिंत स्वतःला लिंपत होती, दर चार दिवसांनी नवी, कोणी न सांगता. आईच्याही आत असंच असेल. केतकीला रडू आलं नाही. देवळात गाभाऱ्याचा दरवाजा अचानक उघडावा आणि हात आपोआप जुळावेत, तसं झालं.

"हे माझं?" मावशीने हळूच विचारलं.

"तुमचंच," नसीमा म्हणाली.

"एवढं देखणं?"

दुर्बीण पुढे सरकत राहिली. एका वळणावर नसीमाने ती थांबवली, थोडी मागे घेतली, प्रकाश वळवला. दोन कमानींच्या बेचक्यात, बारीकशा देठावर, तुरीच्या दाण्याएवढा एक लालसर कोंब बसला होता. त्याच्याभोवती निळी झाक होती, पाटीवरचं अक्षर ओल्या बोटाने पुसल्यावर उरते तेवढीच.

"ते बघा," नसीमा म्हणाली. "ज्यांनी ओळखलं ते. अजून तिथेच बसलेत."

मावशीने कुशीवरूनच मान वर केली. ती त्या दाण्याकडे बघत राहिली. तिच्या डोळ्यांच्या कडेने पाणी कानाकडे ओघळलं, पण आवाज कोरडाच होता.

"एवढंसंच?"

 नसीमाने तारेचा बारीक फास पुढे केला, देठाभोवती टाकला आणि आवळला. भिंतीवर एक पांढुरका ठिपका राहिला. बाकी सगळं होतं तसंच, गुलाबी, श्वास घेणारं.

"निघाला," नसीमा म्हणाली. मग दुर्बीण बाहेर घेता घेता ती हसली. "आणि मावशी, खाली मूळव्याधही आहे बरं का. लहानशी."

"म्हणजे मी खोटं बोलत नव्हते!"

"नव्हता. दोन्ही असू शकतं. म्हणून तर बघावं लागतं."

अहवाल आठवड्याने आला. कोंब कर्करोगाच्या वाटेला लागला होता, पोचला नव्हता. तीन वर्षांनी पुन्हा तपासायचं, मिश्री सोडायची, रोज चालायचं. मावशीने मिश्रीचा डबा केतकीकडे आणून दिला आणि दुसऱ्याच दिवशी "बघू, आहे का अजून" म्हणून ती येऊन गेली. केतकीने तो आधीच टाकून दिला होता.

नसीमाने दिलेली साखर संपली. भांड्यातले शिकलेले जंतू मरून गेले. उरलं ते आईचं साधं दही, पूर्वीसारखं, थोडं आंबट. केतकीला आधी वाटलं होतं, हे वाईट वाटेल. पण पहाटेच्या उजेडात भांडं उघडलं आणि दही लागलेलं पाहिलं, तेव्हा तिच्या मनात आलं, हे तर आधीपासूनच पोटात जाऊन ते तुकडे गिळत होतं. फक्त आपल्याशी बोलत नव्हतं.

त्या दुपारी ती मावशीकडे बसली असताना शेजारच्या इंगवले वहिनी वाटी घेऊन आल्या.

"कुंदाताई, विरजण द्या हो. तुमच्यासारखं लागत नाही आमचं."

"देते की." मावशीने भांडं काढलं. "कालच तर दही होतं तुमच्याकडे?"

"ताक करून संपवलं. सारखं ताकच पितेय. पुन्हा रक्त पडायला लागलंय ना. उष्णता, दुसरं काय. मूळव्याध."

मावशीने वाटीत दोन चमचे दही घातलं. वाटी वहिनींच्या हातात दिली, पण स्वतःचा हात काढला नाही. वाटी दोघींच्या हातांत राहिली.

"कोणी बघितली?" मावशीने विचारलं.